गाडीची पडवी

बाबा उडवीवरून पडले त्या दिवशी खळ्यावर झोडणी चालू होती. उडवी म्हणजे भाताच्या भाऱ्यांची रचलेली रास. बाबा वरून भारे देत होते, भाऊ खाली घेत होता, मी पाणी घेऊन गेले होते. भाऊने भारा घेतला, वळून ठेवला आणि परत वर बघितलं. बाबा वर नव्हते. त्यानंतर ते उभे राहिले नाहीत.

हे मी ते गेल्यावर लिहिते आहे, म्हणजे बऱ्याच वर्षांनी. लिहायला बसले की उडवीचा दिवस आठवतो आणि त्याच्या मागोमाग घाटाखालचा दिवस. त्या दोन दिवसांच्या मधला काळ मला नीट सांगता येत नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. कल्याणच्या इस्पितळातून घरी आणल्यावर बाबांची खाट खिडकीजवळ टाकली. खिडकीतून सिद्धगड दिसायचा. बाबा तिकडे पाठ करून झोपायचे. पाठ करून म्हणजे आम्ही तसं वळवायचो. ते सांगायचे आणि आम्ही वळवायचो. आई आधीच गेली होती. भाऊ शहापूरला हायवेच्या कडेला एका गॅरेजात कामाला होता. मी मुरबाडच्या एका शाळेत शिकवत होते आणि उरलेला वेळ घरी होते.

सुरुवातीला माणसं भेटायला येत. बाबा चादर गळ्यापर्यंत ओढून डोळे मिटून घेत. माणूस थोडा वेळ बसे, छपराकडे बघे, माझ्याशी भातपिकाचं काहीतरी बोले आणि जाई. तो गेला की बाबा डोळे उघडत. त्यांना झोप लागलेली नसे. उचलून ठेवलेलं, कूस बदललेलं, पुसलेलं आपण कुणी पाहू नये एवढंच त्यांना हवं होतं. हळूहळू माणसं यायची थांबली आणि बाबांना त्याचं बरंच वाटलं असावं.

एक काम त्यांनी धरलं. अंबाडीचा वाक, म्हणजे सालीचे धागे, मागवून घेतला आणि दोर वळायला लागले. त्यांचे हात पूर्वीसारखेच होते. वाक मांडीवर ठेवायचा आणि तळव्याने रगडत पीळ द्यायचा, ही आमच्याकडची पद्धत. त्यांच्या मांडीला काही कळत नव्हतं. एकदा मी चादर काढली तर कातडी सोलवटून निघाली होती आणि बाबा निवांत वळत बसले होते. तेव्हापासून मी मांडीवर जाड पोतं बांधून द्यायचे. कोपऱ्यात दोरांची वेटोळी साठत गेली. बैल विकले होते. दोर कशाला लागणार होते, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

मग आत्याचा निरोप आला. आत्या बाबांपेक्षा मोठी. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा तिने बाबांना कडेवर वाढवलं होतं. तिचं सासर इगतपुरीच्या पलीकडे. तिचे गुडघे गेले होते, डोळ्यांनीही अंधूक दिसत होतं, प्रवास तिला होणं शक्य नव्हतं. तिकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका माणसाबरोबर तिने सांगून पाठवलं की मी आता फार दिवसांची नाही, त्याला एकदा माझ्याकडे आणा.

बाबा म्हणाले, "आणा म्हनते. मी काय भाजीची पाटी हाय?"

पण रात्री ते जेवले नाहीत.

भाऊने पुढे काय केलं ते त्याने आधी मलाही सांगितलं नाही. गॅरेजच्या मागे एक जुनी मिनीबस पडून होती, ती त्याने मालकाकडून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यावर काम करायला लागला. सीट काढल्या. डाव्या बाजूला खाट पत्र्याला सोडता येतील अशा बोल्टांनी बसवली. पाण्याचा ड्रम, स्टोव्हला खोका, पडद्याआड भांडं, मागून खाट चढवायला फळी. गाडी गावात आणली तेव्हा शेजारचा चुलता तिच्याभोवती फिरून आला आणि म्हणाला, "सर्कस काढलीस का रे? वाघ कुटाय?" भाऊ हसला. बाबांनी आतून ते ऐकलं होतं. ते हसले नाहीत.

गाडीची एकच अडचण होती. पत्रा तापायचा. फाल्गुनात उभ्या गाडीत माणूस अर्धा तास पडून राहू शकला नसता. आत्याच्या घराला उंच पायऱ्या आणि अरुंद दार, तिथून खाट आत जाणार नव्हती. म्हणून भाऊने गाडीच्या डाव्या अंगाला पडवी केली. आमच्याकडे घराला पुढून उतरतं छप्पर असतं त्याला पडवी म्हणतात, आणि ही तशीच होती. वरच्या कॅरिअरला जाड कापडाची एक कड बोल्टांनी पक्की केलेली, दुसऱ्या कडेला लोखंडी पाइप. थांबलं की पाइप बाहेर ओढायचा, खाली दोन बांबू लावायचे, बाजूंनी चादरी सोडायच्या. बाबा खाटेसकट त्या सावलीत राहतील, आत्याला अंगणात येऊन त्यांच्याशेजारी बसता येईल, आणि उचलाउचली चादरीआड होईल. निघताना कापड पाइपावर गुंडाळून गाडीच्या कडेला वर बांधून टाकायचं.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. "एकदा येईन. वाटेत काय झाला, चार लोक जमले, का मग मला या खाटेवरनं हलवायचा नाय. परत नाव काडायचा नाय." ते हे रागाने म्हणाले नाहीत. व्यवहार ठरवताना बोलतात तसं म्हणाले. भाऊने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही माहीत होतं की ते बोलतात तसं करतात. प्रवास बिघडला असता तर बाबा उरलेलं आयुष्य त्या खिडकीकडे पाठ करून काढणार होते.

गुंडाळी बांधण्यासाठी भाऊने ट्रकवाले वापरतात तसे पट्टे बघून ठेवले होते. बाबा म्हणाले, "माझे दोर हायेत ना." भाऊ म्हणाला, "हायेत." पट्ट्यांचा विषय तिथेच संपला. त्या घरात तेव्हा दुसरं काही होऊ शकलं नसतं.

निघायच्या दिवशी पहाटे भाऊ कॅरिअरवर चढला. पुढे एक, मध्ये एक, मागे एक अशा तीन ठिकाणी त्याने पाइपाची गुंडाळी दोराने आवळली. आवळण्याआधी त्याने खाली हात केला आणि मी त्याला पाण्याची बादली दिली. त्याने दोर बुडवून घेतले. यात सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही. गाड्यावर भारे चढवले की दोर भिजवूनच आवळायचा, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. ओला दोर चावून धरतो, सरकत नाही. बाबा असेच बांधायचे, त्यांचे वडील असेच बांधायचे. भाऊने गाठ मारून दोराला टिचकी मारली तेव्हा तो तारेसारखा वाजला. खाटेवरून बाबांनी आवाज ऐकला आणि मान हलवली.

सरळगाव, किन्हवली, मग शहापूर. रस्ता खड्ड्यांचा होता, भाऊ हळू चालवत होता. मी खाटेशेजारी पाटावर बसले होते. बाबा छताकडे बघत होते. प्रत्येक धक्क्याला त्यांचं डोकं हलायचं आणि मी उशी धरायचे. गावांतून जाताना त्यांनी मला खिडकीचा पडदा ओढायला सांगितला. शहापूरला डिझेल घेताना भाऊने उतरून दोर तपासले. घट्ट होते. अजून ओलसर होते, हे त्याच्या हाताला नक्की लागलं असणार, पण त्याचा अर्थ तेव्हा कळण्याचं कारण नव्हतं.

हायवेला लागल्यावर सगळं बदललं. तेव्हा तो रस्ता आतासारखा रुंद नव्हता. समोरून येणारे ट्रक अंगावर आल्यासारखे जायचे आणि प्रत्येक ट्रकाबरोबर वाऱ्याचा एक थपका गाडीवर बसायचा. गाडी बाजूला सरकल्यासारखी वाटायची. ऊन वर आलं होतं. पत्रा हळूहळू तापायला लागला होता. आटगाव गेलं, खर्डी गेलं. बाबांनी मला हात करून गप्प राहायला सांगितलं. मी काही बोलत नव्हते, नुसती वाऱ्यासाठी पुठ्ठा हलवत होते. मी तो थांबवला.

"वरती काय वाजतंय," ते म्हणाले.

मला काही ऐकू आलं नाही. गुंडाळी बरोबर त्यांच्या डोक्यावर होती. मग मलाही ऐकू आलं, कापडाची फडफड, आधी थांबून थांबून आणि मग सलग. मी भाऊला ओरडून सांगितलं. तो म्हणाला कसाऱ्याला थांबून बघतो, इथे कड नाही. खरंच नव्हती. मागे एक ट्रक हॉर्न देत चिकटला होता, डावीकडे डांबर संपून एकदम खाली खचलेली माती होती. उंबरमाळीची वाट मागे पडली होती, रस्ता चढाला लागत होता आणि झाडी दाटत होती.

"थांब म्हनतो ना," बाबा म्हणाले. पण ते माझ्याकडे बघून म्हणाले. भाऊपर्यंत त्यांचा आवाज पोहोचत नव्हता.

मी पडदा सारला आणि काच सरकवली. पुढचा दोर गुंडाळीवरून घसरून पार सैल लोंबत होता. तुटला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर पाइपाचं पुढचं टोक गाडीपासून सुटलं आणि बाहेर जायला लागलं. आधी वीतभर, मग हातभर. वारा कापडात शिरला, मधला दोर निघाला, आणि पाइप मागच्या दोरावर फिरून दारासारखा रस्त्याच्या कडेला उघडला.

कडेने बायका चालल्या होत्या. रानातून मोळ्या घेऊन येणाऱ्या पाड्यावरच्या बायका, डोक्यावर लाकडं, एकामागे एक, आमच्याकडे पाठ करून.

मी बाहेर हात काढून कापड धरलं. ते माझ्या हातातून ओढलं गेलं, मी परत धरलं. मी भाऊचं नाव घेऊन ओरडले. त्याने आरशात बघितलं असावं. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे घेतली. मागच्या ट्रकचा हॉर्न कानात शिरला. ट्रक आमच्या इतक्या जवळून गेला की गाडीतला ड्रम हलला. पाइपाचं टोक सगळ्यात मागच्या बाईच्या मोळीला लागलं. मोळी उडाली आणि बाई खाली बसली.

गाडी थांबली. भाऊने खाली उडी मारली आणि चाकाला दगड लावायचं विसरून तो धावत गेला. दगड मी लावला. परत दाराशी आले तर बाबा कोपरावर रेटून मान वर करायचा प्रयत्न करत होते. विचारत होते, "कोन पडला? कोन पडला गो?"

ती बाई उठून उभी राहिली होती. तिला लागलं नव्हतं. मोळीभर लाकडं रस्त्यावर पसरली होती आणि ती भाऊला शिव्या देत होती, नीट, ओळीने, दमाने. डोळं फुटलं का, गाडी चालवतोस का नांगर, एवढा मोठा बांबू बाहेर काढून कुणाला मारायला निघालास. भाऊ हात जोडून उभा होता. बाकीच्या बायका मोळ्या उतरवून गाडीपाशी आल्या. त्यांनी उघड्या दारातून आत डोकावलं. एक, दोन, मग सगळ्याच.

मी दारात आडवं उभं राहायला हवं होतं असं मला वाटलं, पण मी बाजूलाच उभी राहिले. बाबांना जे नको होतं ते दारात येऊन उभं राहिलं होतं. चादर त्यांच्या कमरेवरून घसरलेली होती. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. ते आता मिटतील असं मला वाटलं.

शिव्या देणारी बाईही आली आणि तिने आत बघितलं. तिचं बोलणं थांबलं. मग म्हणाली, "ह्याला काय झाला?"

उत्तर बाबांनीच दिलं.

"पडलो. उडवीवरनं."

"आन आता माझ्या डोक्यावर पडत व्हतास," ती म्हणाली.

बायका हसल्या. मला त्यांचा राग आला. बाबांकडे बघितलं तर त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, आणि ते हसत आहेत हे कळायला मला वेळ लागला, कारण बरेच दिवस मी ते पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला विचारलं, "तुला लागला नाय ना गो?" ती म्हणाली, लाकडांना लागला. मग तिने त्यांना विचारलं, कधी पडलास, पाय अजिबात कळत नाहीत का, करणारं कोण आहे, सून आहे का. असे प्रश्न गावात कुणी तोंडावर विचारले नव्हते. बाबा एकेकाचं उत्तर देत होते. कुठे निघालात, असं विचारल्यावर म्हणाले, "बायकडं. भैन माझी. इगतपुरीच्या पल्ल्याड."

भाऊ तिकडे कॅरिअरवर चढला होता. मागचा दोर सोडून त्याने पाइप खाली घेतला आणि कापडाचे बोल्ट खोलले. कापड मधोमध फाटलं होतं. तो दोर हातात घेऊन दाराशी आला, पण आत आला नाही. बाबांनी हात पुढे केला. भाऊला दोर द्यायचा नव्हता. बाबांचा हात तसाच राहिला, तेव्हा त्याने दिला.

बाबांनी दोर अंगठ्याने चाचपला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"ओला बांदलास?"

"तुमीच शिकवलाव तसा," भाऊ म्हणाला.

बाबांनी दोर परत एकदा चाचपला. मग म्हणाले, "तो गाडा व्हता रे. शेतातनं खल्यावर जायाचा. त्याचा दोर वाटेत कवा सुकनार?"

एवढंच झालं. ओला दोर आखडतो, आणि सुकला की लांबतो. शेतापासून खळ्यापर्यंत तो ओलाच राहायचा, आणि बैल पळत नसत. उन्हात आणि वाऱ्यात तासभर धावणाऱ्या गाडीवर तो सुकून ढिला पडणारच होता. आमच्या घरात हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण आमच्या घरातला दोर इतका लांब कधी गेलाच नव्हता.

त्या बाईच्या मोळीचा बंध तुटला होता. बाबांनी दोर तिच्याकडे दिला. तिने तो ओढून बघितला, चांगला वळलाय म्हणाली, आणि लाकडं बांधून घेतली. दुसऱ्या दोघींनी मोळी तिच्या डोक्यावर चढवली. जाताना तिने भाऊला परत एकदा सुनावलं, पण आता तिचा सूर घरातल्यासारखा होता.

मग आम्ही तिघंच राहिलो. भाऊने पाइप आणि फाटकं कापड आत घेऊन खाटेवर पत्र्याला टेकवून ठेवलं. त्याच्या अंगाचा घाम वाळून मीठ दिसत होतं. तो बाबांकडे न बघता म्हणाला की पुढे कसाऱ्याला वळायला जागा आहे, तिथून फिरवतो. एकदा घाट लागला की मध्ये फिरता येणार नाही. पडवी राहिली नाही, तिकडे जाऊन तुम्हाला उन्हात कुठे ठेवायचं.

बाबा छताकडे बघत होते. मी त्यांची अट मनात म्हणत होते. वाटेत काही झालं होतं. चार लोक जमले होते. अटीतलं सगळं घडून गेलं होतं आणि आता ते काय म्हणतील ते मला ऐकायचं नव्हतं.

"बाय कवापासून दारात बसली असंल," बाबा म्हणाले.

भाऊने पाइपाकडे बघितलं.

"ती चढंल गाडीत. नाय चढली तर उचलून चढवा. मला उचलता ना?"

घाट चढताना मला सगळ्यात जास्त भीती वाटली, खालच्या त्या क्षणापेक्षाही. पहिल्या गिअरमध्ये गाडी ओरडत होती. प्रत्येक वळणाला पाइप खाटेवरून घरंगळायला बघायचा आणि बाबा तो तळहाताने पत्र्यावर दाबून धरायचे. मी म्हटलं, मी धरते. ते म्हणाले, तू वारा घाल. पत्रा एवढा तापला होता की माझं बोट लागल्यावर मी हात मागे घेतला. बाबांचा चेहरा लाल झाला होता, ओठ कोरडे पडले होते. मी ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसत होते आणि मनात वळणं मोजायचा प्रयत्न करून सोडून देत होते. भाऊने एकदाही मागे वळून बघितलं नाही. वर पोचल्यावर वारा गार झाला. बाबांनी मला पडदा पूर्ण उघडायला सांगितला.

आत्याच्या अंगणात करंजाचं झाड होतं. भाऊने गाडी त्याच्या सावलीत इतकी आत घातली की फांद्या कॅरिअरवर टेकल्या. आत्याला तिच्या सुनांनी दोन्हीकडून धरून मागच्या फळीवरून वर चढवलं. तिला नीट दिसत नव्हतं. ती हाताने खाट शोधत आली, बाबांच्या पायांवर बसली, आणि त्यांना ते कळलं नाही. मी सांगणार होते. बाबांनी मला डोळ्यांनी नको म्हटलं.

तिने त्यांचा दंड चाचपला. "काय रं, खायाला घालीत न्हाईत का पोरं?" तिकडचं बोलणं तिला लागलं होतं.

"घालतात. तू जाडी झालीस," बाबा म्हणाले.

मग दोघं बराच वेळ भांडल्यासारखे बोलत राहिले. कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, कुठल्या बैलाचं शिंग मोडलं होतं. दारात आत्याची नातवंडं, शेजारी, कुणी कुणी येऊन बघून जात होते. बाबा मध्येच त्यांच्याकडे बघायचे आणि परत बोलायला लागायचे. भाऊ झाडाच्या बुंध्याशी बसला होता. त्याला बसल्या बसल्या झोप लागली.

परत आल्यावर भाऊने पडवी नव्याने केली. पाइपाला दोन्ही टोकांना लोखंडी कड्या, वर पट्टे, आणि गुंडाळी अशी की कापडाची कड मागच्या बाजूला राहील आणि वारा आत शिरणार नाही. बाबांचा त्यावर विश्वास नव्हता. पुढच्या प्रवासांत, आणि प्रवास पुढे बरेच झाले, ते दर गावाला गाडी थांबवून पट्टे बघायला लावायचे. शेणव्याला एका लग्नात, मुरबाडच्या बाजारात, उगाचच नदीवर. भाऊ चिडायचा. पट्टे कधी ढिले निघाले नाहीत आणि बाबांनी थांबवणं कधी सोडलं नाही. बाजारात गाडी उभी केली की ते पडवीच्या बाजूच्या चादरी सोडू देत नसत. माणसं दिसत नाहीत म्हणायचे.

आत्या त्या वर्षीच गेली. बाबा त्यानंतर बरीच वर्षं होते. ते घरीच वारले, खिडकीजवळच्या खाटेवर, दुपारी. भाऊ शहापूरहून पोचायच्या आत. मिनीबसच्या कागदपत्रांची मुदत संपली होती आणि इंजिन बसलं होतं, तेव्हा भाऊने ती भंगारात दिली.

गावच्या घराला आता कुलूप असतं. शेत चुलत्याची मुलं करतात. भाऊ शहापूरला आहे, मी मुरबाडला. महिन्यातून एकदा आम्ही दोघं जाऊन घर झाडून येतो.